पायाचा खटका

मोटारसायकलच्या आरंभींच्या काळांत गिअर ही चैन समजली जात असे. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक पट्टा नेला, कीं गाडी चाले. मोठा चढ लागला, कीं स्वार खालीं उतरून तिच्याबरोबर धांवे. ही स्थिति पालटण्यास आइल ऑफ मॅन बेटावरील टूरिस्ट ट्रॉफीची शर्यत बरीच कारणीभूत झाली. १९०७ सालीं सुरू झालेली ही शर्यत १९११ सालीं स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या सुमारें ३७ मैलांच्या रस्त्यावर नेण्यांत आली, आणि त्या वर्षीं मोठ्या गाड्यांच्या शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक दोन गिअरच्या अमेरिकन ‘इंडियन’ गाड्यांनीं पटकाविले. गिअरवांचून डोंगर चढत नाहीं, हा धडा ब्रिटिश कारखानदारांना स्वतःच्या अंगणांत शिकावा लागला.

गिअर आले, परंतु ते बदलावयाचे हातानें. पेट्रोलच्या टांकीजवळ एक दांडा असे. स्वारानें एक हात हँडलवरून काढावा, दांडा चाचपावा, तो नेमक्या खांचेंत बसवावा, आणि तोंपर्यंत गाडी दुसऱ्या हातानें सांभाळावी. बाजारांतून जातांना हें निभून जाई. ताशीं साठ-सत्तर मैलांच्या वेगानें, खडबडीत रस्त्यावर, वळणाच्या तोंडाशीं असतांना मात्र हा एक हात फार महाग पडे. खांच चुकली तर गाडी दोन गिअरांच्या मधोमध राही. इंजिन मोकळें सुटून किंचाळूं लागे, आणि वळण तर समोर आलेलें असे.

मग हें काम पायाकडे कां दिलें नाहीं? तसे प्रयत्न झालेही होते. स्कॉट गाडीचे दोन गिअर पायानेंच बदलत. पण तेथें दोनच जागा होत्या. गिअर तीन झाले, कीं मधला कोठें आला हें जाड बुटांतल्या पायास कळणार कसें? पाय जोर करूं शकतो. बोटांप्रमाणें जागा चाचपणें त्याला जमत नाहीं. खरी अडचण जोराची नव्हती, थांबण्याची होती.

ही अडचण बर्मिंगहॅमच्या ‘व्हेलोसेट’ कारखान्यांतील हॅरॉल्ड विलिस यानें सोडविली. विलिस इंजिनिअर होता आणि शर्यतींतला स्वारही. म्हणजे दुखणें आणि औषध दोन्हीं एकाच माणसाजवळ होतीं. १९२८ च्या सुमारास त्यानें आपली युक्ति शर्यतीच्या गाड्यांवर बसविली. पायाजवळची दांडी कोणत्याही गिअरमध्यें असो, स्प्रिंगच्या योगानें ती नेहमीं मधल्या जागीं परत येते. तिला वर उचलली किंवा खालीं दाबली, कीं तिच्याशीं जोडलेला खटका एका दांतेरी चाकतीचा एकच दांत पकडतो. चाकती तेवढी फिरते, गिअरपेटींतील चाकें एक जागा सरकतात, आणि त्याच क्षणीं दांडी एका अडसरावर आपटून थांबते. कितीही जोरानें लाथ मारली तरी एका वेळीं एकच गिअर! पाय सोडला, कीं दांडी पुन्हां मध्यावर. स्वारानें अंदाज करावयाचा, तो अडसर त्याच्यासाठीं करून ठेवतो.

१९२८ च्या ज्युनियर शर्यतींत व्हेलोसेटवर अलेक बेनेट पहिला आणि विलिस दुसरा आला. या यशाचें सारें श्रेय खटक्याच्या पदरांत घालणें बरोबर होणार नाहीं. हा खटका जन्मण्यापूर्वींच, १९२६ सालीं, बेनेटनें तीच शर्यत व्हेलोसेटवर दहा मिनिटांहून अधिक अंतरानें जिंकली होती. इंजिन मुळांतच उत्तम होतें. परंतु कांहीं वर्षांतच इतर कारखान्यांनींही याच तत्त्वाचा पायाचा गिअर उचलला, आणि हातानें बदलावयाचा गिअर वेगवान गाड्यांवरून नाहींसा झाला. विलिस १९३९ सालीं वारला.

तत्त्व एक ठरलें, पण पाय कोणता हें ठरलें नाहीं. ब्रिटिश गाड्यांचा गिअर बहुधा उजव्या पायाकडे, जपानी गाड्यांचा डावीकडे. हिंदुस्थानांत १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागलेल्या ‘बुलेट’नें उजवा पायच चालूं ठेवला, शिवाय न्यूट्रल चटकन सांपडावा म्हणून तिच्या गिअरपेटीवर एक वेगळी लहान दांडी असे. ज्यांनीं ती बुलेट वापरून मग दुसरी गाडी हातीं घेतली, त्यांनीं ब्रेकच्या ऐवजीं गिअर दाबल्याचा अनुभव एकदां तरी घेतलाच असेल. अमेरिकेनें सप्टेंबर १९७४ पासून बनणाऱ्या गाड्यांना डाव्या पायाचा गिअर सक्तीचा केला, तेव्हां ब्रिटिश कारखान्यांची धांदल उडाली. ‘नॉर्टन कमांडो’च्या १९७५ च्या गाडींत उजवीकडील गिअरपेटीपर्यंत हुकूम पोंचविण्यासाठीं यंत्राच्या आंतून एक आडवा दांडा न्यावा लागला.

जुन्या वेगवान गाड्या जतन करणाऱ्यांना याच ठिकाणीं त्रास होतो. मधल्या प्रत्येक सांध्यांत केसभर ढिलाई आली, कीं तिची बेरीज दांडीच्या टोकाशीं बोटभर होते. पाय पूर्ण दाबला जातो, पण खटक्याला दांत पुरा सांपडत नाहीं. गिअर बसत नाहीं म्हणून अनेकजण प्रथम गिअरपेटी उघडावयास निघतात. जाणता कारागीर आधीं बाहेरच्या खिळी आणि सांधे हलवून पाहतो, दांडीची स्प्रिंग तपासतो, क्लच पुरा सुटतो कीं नाहीं तें बघतो, आणि मगच पेटीच्या झांकणाला हात लावतो.