वाघूरच्या पात्रातल्या गारगोट्या

व्यापाराचा इतिहास आपण सहसा बाजारपेठेपासून सुरू करतो. आज नदीपासून करून बघू.

फर्दापूर म्हणजे अजिंठ्याच्या पायथ्याचं गाव, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण लेण्यांसमोर नालासारखं वळण घेऊन पुढे तापीला मिळणारी वाघूर ही दगड शोधणाऱ्यांची नदी आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर साचले. त्यांत वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पाण्यातून आलेल्या सिलिकाने त्या थराथराने भरल्या. हाच अकीक, आपली गारगोटी. काळा कातळ कुजतो, गारगोटी कुजत नाही. दर पावसाळ्यात पूर तिला सुटी करून पात्रात आणून टाकतो.

म्हणून शोधायला जायचं ते दिवाळीच्या सुट्टीत, पाणी ओसरल्यावर. आम्ही घरची मंडळी सकाळी निघायचो, ऊन तिरपं असताना, आणि सूर्याकडे तोंड करून चालायचो. अर्धपारदर्शक दगड तेव्हाच चमकतो. मोठी माणसं डोळ्यांनी शोधतात, मुलं पायांनी. घरी आल्यावर दगड वाळतो आणि निम्मी जादू उतरते, मग कोणीतरी त्याला खोबरेल तेल चोळतं! काहींवर हिरवट साय असते. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा, इथल्या कातळातला मानतात. निळा मात्र थेट बदख्शानच्या लाजवर्दाचा.

आणि एक सांगून ठेवतो. लेण्यांच्या पायथ्याशी विकायला असतात ते अपोफिलाइट, स्टिल्बाइटचे झुबके नदीत मिळत नाहीत. ते मऊ असतात, पुरात चुरा होतील. ते येतात विहिरी आणि खाणी खोदताना. नदी फक्त कणखर दगड ठेवते.

आता बाजारपेठ. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोचला गाड्यांमधून, वाट नसलेल्या मुलुखातून, पुष्कळ ‘ओनिक्स’ जात असे अशी नोंद आहे. ओनिक्स म्हणजे पट्ट्यांची गारगोटीच. गाव नोंदलं गेलं, गाड्या नोंदल्या गेल्या, बंदर नोंदलं गेलं. पण पैठणला तो दगड पोचवला कोणी? कुठल्या तरी पात्रात वाकलेल्या बायकापोरांनी, असा आमचा अंदाज आहे. अंदाजच म्हणायचं, कारण वेचणाऱ्याची पावती कोणी लिहीत नाही.

इथलीच दुसरी गोष्ट बघा. 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी लेण्यांपर्यंत पोचला आणि दहाव्या लेण्यात त्याने स्वतःचं नाव कोरलं. ते आजही वाचता येतं. ह्या दरीत गुरं चारणाऱ्यांना त्या गुहा आधीपासून माहीत नव्हत्या, हे कोणाला पटेल? शोध लागला म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे; पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा ज्याच्या हाती लेखणी असेल तोच देतो.

पायथ्याच्या विक्रेत्याशी घासाघीस करताना त्याला एवढं जरूर विचारा: हा दगड कुठल्या गावचा? कोणी काढला? पुष्कळदा त्याला नीट सांगता येतं, पण विचारतंय कोण!

लेण्यांच्या संरक्षित आवारातून मात्र खडासुद्धा उचलू नका. खाली पात्रात एखादी गारगोटी सापडली, तर तिच्यासोबत चिठ्ठी ठेवा: जागा, तारीख, वेचणाऱ्याचं नाव. ठिकाण न नोंदलेला नमुना अभ्यासकाच्या फारसा कामाचा नसतो. आमच्या घरच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांवर बहुतेक नावं मुलांची आहेत, काही अक्षरं उलटी काढलेली.