श्रुतींची मोजपट्टी

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर. तारेची लांबी मोजून त्यांनी सप्तकातल्या २२ श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म स्वरांची, कंपनसंख्या ठरवली. कसोटीला गळा होता गायक अब्दुल करीम खाँ यांचा! १९१० साली त्यावर पुस्तक निघालं. पुढे आयसीएस अधिकारी क्लेमंट्स यांच्या साथीने खास श्रुतींची हार्मोनियमही घडली.

१९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत ती गवयांपुढे आली. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांना श्रुतींचं हे गणित पटलं नाही.

दरबारी कानडा रागातला गंधार आंदोलित राहतो. त्याला एकच आकडा कसा चिकटवायचा? ही शंका रास्तच. पण देवलांचं मापही पोकळ नव्हतं: षड्ज-पंचमाचं ३:२ हे नातं तार आणि कान, दोघांनाही मान्य.

ती पेटी मैफलीत रुजली नाही. आणि मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, आजही मोजपट्टीने नव्हे, कानानेच काढतात.