गणेशविसर्जन, पर्यावरणपूरक (बारामती व इंदापूर तालुके)

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाच्या या दोन तालुक्यांत विसर्जनाचे पाणी बरेचसे अडवलेले आणि पाळीने सोडलेले असते. शहरी नदीकाठचे निकष इथे अपुरे पडतात ते त्यामुळे. नीरा डावा कालवा (१८८५) वीर येथून निघून पुरंदर, बारामती, इंदापूर असा जातो. उसाचे आवर्तन त्यातूनच सुटते आणि बारामती शहराचे साठवण तलावही त्यावरच भरतात. नदीत सोडलेली मूर्ती पुराबरोबर गेली, अशी समजूत तरी घालून घेता येते. कालव्यात ती सोय नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसचे पाण्यात जिप्सम बनते व ते फार सावकाश विरघळते. रंग सुटतो, सांगाडा वितरिकेच्या तोंडाशी अडकतो आणि पाणी बंद झाले की गाळात उघडा पडतो. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगाव बाजूस, हेच वेगळ्या रीतीने घडते : भाद्रपदात बुडालेले अवशेष पाणी ओसरल्यावर रोहित पक्ष्यांच्या चराईच्या आणि गाळपेरीच्या जमिनीत वर येतात.

यावर एक आक्षेप याच भागात शोभणारा आहे. चोपण जमीन सुधारायला शेतकरी जिप्सम विकत आणून टाकतात, मग मूर्तीच्या जिप्समचा बाऊ कशाला? नीरा कालव्याखालील क्षारपड जमिनींचा प्रश्न शतकाहून जुना असल्याने हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. परंतु शेतीचे जिप्सम भुकटीच्या रूपात, माती तपासून, मापाने आणि निचऱ्याची सोय पाहून दिले जाते. मूर्तीचे जिप्सम रंग व काथ्यासह ढेकळाने येते, तेही पिण्याच्या पाण्यात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशा मूर्तींचे विघटन करण्याची पद्धत दिली. त्यातून अमोनियम सल्फेट हे खत व कॅल्शियम कार्बोनेटचा साका मिळतो. घरगुती मूर्तीस ती सोयीची, मंडळांच्या मूर्तीस अर्थातच नाही.

दुसरा आक्षेप परंपरेचा : विसर्जन वाहत्या पाण्यातच हवे. पार्थिव पूजेत मूर्ती मातीची असणे आणि ती पाण्यात विरणे हे मुख्य; विहिरीत व तळ्यात विसर्जन करण्याची चाल जुनीच आहे. कालव्याचे वाहणे तर पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावर चालते. मात्र शाडूही निर्दोष नव्हे. ती बहुतांशी गुजरातेतून येते आणि हौदाच्या तळाशी थर धरून बसते. स्थानिक काळी माती वाळताना तडकते, म्हणून मूर्तिकार ती नुसती वापरत नाहीत. तेव्हा पदार्थ बदलण्याइतकेच मूर्तीचे आकारमान कमी करणे महत्त्वाचे ठरते.

नियम : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० ची, सुधारित मे २०२०. सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश जुलै २०२५ चा.

निर्माल्य : वेगळे गोळा केल्यास खत होते.

धातूची मूर्ती कायम ठेवून सुपारीच्या गणपतीचे विसर्जन करण्याची पद्धत काही घरांत आहे. पाण्यात जाणारा ऐवज तीत सर्वांत कमी असतो.