पाण्यातील आर्सेनिक: केवळ प्रमाण नव्हे, रूपही महत्त्वाचे

पिण्याच्या एक लिटर पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण 10 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय मानक ब्युरो या दोन्ही संस्थांचे निकष सांगतात. मात्र या आकड्यावरून केवळ एकूण आर्सेनिक समजते. ते किती घातक आहे आणि कोणत्या उपायाने दूर होईल, हे त्याच्या रासायनिक रूपावर अवलंबून असते.

एकाच मूलद्रव्याची अनेक रूपे

सोमल, हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकचीच संयुगे होत. भूजलात मुख्यतः त्रिसंयुजी आर्सेनाइट आणि पंचसंयुजी आर्सेनेट आढळतात. आर्सेनाइट अधिक विषारी असून, सामान्य भूजलात त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो. त्यामुळे अनेक गाळणमाध्यमांच्या पृष्ठभागावर ते नीट धरले जात नाही. म्हणून शुद्धीकरणापूर्वी त्याचे ऑक्सिडीकरण करून आर्सेनेटमध्ये रूपांतर करावे लागते. याउलट, मासळीतील आर्सेनोबेटेन हे सेंद्रिय संयुग जवळजवळ निरुपद्रवी मानले जाते.

पश्चिम बंगालमध्ये 1983 मध्ये कोलकात्यात आर्सेनिकबाधित रुग्णांचे निदान झाले. गंगेच्या खोऱ्यातील गाळात हे मूलद्रव्य लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले असते. प्राणवायूच्या अभावी जिवाणूंच्या क्रियेने ही ऑक्साइडे विरघळली, की आर्सेनिक कूपनलिकांच्या पाण्यात उतरते.

रूप कसे ओळखतात?

पाण्यातील सूक्ष्म प्रमाणासाठी द्रव क्रोमॅटोग्राफी आणि प्लाझ्मा वस्तुमान वर्णपटमिती यांची जोडी वापरली जाते. प्लाझ्माच्या प्रखर उष्णतेत सर्व संयुगे विघटित होतात. म्हणून रूपे आधीच वेगळी करावी लागतात. नमुन्यात क्लोराइड अधिक असल्यास आर्गॉन आणि क्लोरीन यांचा संयुक्त आयन आर्सेनिकइतक्याच, म्हणजे 75, वस्तुमानाचा भासतो. हा दोष टाळण्याची स्वतंत्र व्यवस्था उपकरणात असते.

माती, गाळ किंवा वनस्पतींच्या ऊतींसाठी क्ष-किरण शोषण वर्णपटमिती उपयुक्त ठरते. आर्सेनिक सुमारे 11,867 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेपासून क्ष-किरण एकाएकी अधिक शोषू लागते. संयुजा वाढली, की ही कड अधिक ऊर्जेकडे सरकते. आर्सेनाइट आणि आर्सेनेट यांच्यात हा फरक साधारण तीन ते चार इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. कडेपलीकडील चढउतारांवरून शेजारच्या अणूंचे अंतरही काढता येते. आर्सेनेटमधील ऑक्सिजन सुमारे 1.69, तर आर्सेनाइटमधील सुमारे 1.78 अँगस्ट्रॉम अंतरावर असतो. या मोजणीसाठी लागणारे तीव्र क्ष-किरण सिंक्रोट्रॉनमधून मिळतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-2 हा भारतातील असा स्रोत आहे.

नमुना जपणे महत्त्वाचे

हवेचा संपर्क आला, की आर्सेनाइटचे आर्सेनेट होऊ शकते. पाण्यातील लोह साक्याच्या रूपात खाली बसताना आर्सेनिकही सोबत नेते. तीव्र किरणांमुळेही संयुजा बदलू शकते. म्हणून पाण्याचे नमुने जागीच गाळून, आम्लयुक्त करून, थंड व अंधाऱ्या जागी ठेवतात; गाळाचे नमुने नायट्रोजनमध्ये किंवा गोठवून नेले जातात.

ही दक्षता न घेतल्यास अहवालात आर्सेनेट दिसते आणि त्यानुसार बसवलेले शुद्धीकरण यंत्र प्रत्यक्षातील आर्सेनाइट अडवू शकत नाही.