तळटीप १४ : शूटिंग ब्लॉक
१४. शूटिंग ब्लॉक : ब्रिटिश अमदानीत वनखात्याने शिकारीसाठी राखीव जंगलाचे पाडलेले भाग. ‘ब्लॉक मिळाला’ याचा अर्थ जमीन मिळाली असा नसून, ठरावीक मुदतीपुरता त्या भागात शिकारीचा परवाना मिळाला एवढाच आहे. कोणते जनावर किती मारावे, याची मर्यादा परवान्यातच असे. नियमबाह्य शिकार १८७८ च्या वन कायद्याने गुन्हा ठरवली आणि १९२७ च्या कायद्यात ती तरतूद कायम राहिली. परिणामी त्याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत आलेले गोंड-कोरकू सरकारलेखी गुन्हेगार ठरले, ज्याचा लेखकाने ओझरताही उल्लेख केलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही शिल्लक राहिलेली शिकार-परवान्यांची तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने वगळली गेली.