कशावरून?

दर्यापूरजवळच्या लासूरच्या आनंदेश्वर मंदिरावर मी एकदा वर्गाला निबंध लिहायला सांगितला. एकाने लिहिले, 'हे देऊळ एका रात्रीत बांधले.' मी विचारले, "कशावरून रे?"

"सारेच सांगतेत, गुरुजी. तुमीबी सांगतलं व्हतं!"

मी वरमलो. दुसऱ्या दिवशी वर्गात इतिहासाचार्य राजवाड्यांची गोष्ट सांगितली. 1898 साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. 1750 ते 1761 या काळातील अस्सल पत्रे त्यात छापली आणि पानिपताविषयीचे आपले विवेचन प्रस्तावनेत मांडले. मत आणि पुरावा एकाच पुठ्ठ्यात. वाचकाने ताडून पाहावे! पुढच्या अभ्यासकांनी त्यांची काही मते खोडली. पत्रे मात्र आजही कामी येतात.

वाचकहो, निबंधाचे बळ अलंकारांत नसते. आपल्याला खोटे पाडण्याचे साधन लेखक वाचकाच्या हाती देतो, त्यात ते असते.

रविवारी तो मुलगा सायकलीने लासूरला गेला, खांब मोजून आला आणि निबंध पुन्हा लिहिला. शेवटी होते, 'कोणी बांधले, ते मला अजून कळले नाही.'

त्या एका वाक्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले.