पुतळी : एका नाण्याचा प्रवास

गतवर्षी नवरात्राच्या सुमारास चाकणच्या एका सराफी पेढीवर आम्ही बसलो असता एक भगिनी आत आली. मोटारींचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यात ती प्रेसवर काम करते, असे बोलण्यातून कळले. वर्षभर पगारातून बाजूला ठेवलेल्या पैशांत तिने सोन्याची एकच पुतळी घेतली. तुळजापूरच्या भवानीचा नवस फेडावयाचा होता. सराफाने गुलाबी कागदात बांधून दिलेली ती पुडी तिने कपाळाला लावली आणि ती निघून गेली.

पुतळी म्हणजे ठशाने आकृती उठविलेली, नाण्यासारखी सोन्याची चकती. आज तिच्यावर बहुधा लक्ष्मी असते. अशा पुतळ्या ओवून माळ होते. मात्र हे नाव मुळात एका परदेशी नाण्याला मिळाले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

इटलीतील व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ साली सोन्याचे डुकाट पाडावयास प्रारंभ केला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने त्या काळी साधेल तितके शुद्ध. एका बाजूस व्हेनिसचा आश्रयदाता संत मार्क उभा असून राज्याचा प्रमुख त्याच्यापुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारीत आहे. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबगोलात आशीर्वाद देणारे प्रभू येशू आहेत. कडेच्या लॅटिन अक्षरांत हे राज्य ख्रिस्ताला अर्पण केले आहे. १७९७ साली नेपोलियनने ते प्रजासत्ताक संपुष्टात आणले. तोपर्यंतच्या पाच शतकांत या नाण्याचा कस आणि रूप जवळजवळ बदलले नाही.

हिंदुस्थानातील मिरी, मसाले व कापड युरोपला हवे होते. त्या बदल्यात देण्याजोगा माल मात्र युरोपजवळ फारसा नव्हता. म्हणून अलेक्झांड्रिया आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने सोने इकडे येत राहिले. येथील सराफांना लॅटिन वाचता येत नव्हते, पण कसोटीवरचा कस वाचता येत होता. नाण्यावरील आकृत्या पाहून मराठी माणसाने त्याला ‘पुतळी’ म्हटले. दक्षिणेत ध्वजाच्या काठीला लोक माड समजले आणि गुडघे टेकलेला राज्यप्रमुख हा माडावर चढणारा शाणार ठरला. नाण्याचे नाव पडले ‘शाणार काशू’. पुढे येथील सोनारांनी या नाण्याच्या नकला केल्या. त्यांत लॅटिन अक्षरांच्या जागी रेघा आणि ठिपके उमटले. कालांतराने आकृतीही बदलली. नाव तेवढे टिकले.

तुळजाभवानीच्या अलंकारांत हिरेमाणकांचे दागिने आहेत, तशी शिवछत्रपतींनी वाहिली असे परंपरेने सांगितले जाते ती पुतळ्यांची माळही आहे. आमच्या या औद्योगिक पट्ट्यालाही ठशांची ओळख नवी नाही. ज्या चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे, तेथेच पेशवाईत टांकसाळ होती. शेजारच्या देहूत मात्र शिवरायांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केल्याची कथा भाविक सांगतात. सोने वाहणे आणि सोने नाकारणे, दोन्हींना या भूमीने भक्तीच मानले आहे.

हा इतिहास वाचताना ख्रिस्ती मनाला एक मोह होतो. आमच्या संताची प्रतिमा कधी काळी देवीच्या गळ्यात शोभली असेल, असे अभिमानाने सांगावेसे वाटते. आम्हांलाही क्षणभर तसे वाटले. परंतु या नाण्याला येथे मान मिळाला तो त्यावरील चित्रामुळे नव्हे, त्याच्या शुद्धतेमुळे. देवाला द्यावयाचे ते हिणकस नसावे, ही देणाऱ्याची ओढ होती. तिच्यावर हक्क सांगण्यापेक्षा ती आपण समजून घ्यावी.

याच संत मार्कने आपल्या शुभवर्तमानात एका गरीब विधवेची हकीकत नोंदविली आहे. मंदिराच्या दानपेटीसमोर बसलेल्या येशूने धनवंतांची मोठी दाने पाहिली आणि तिची दोन क्षुल्लक नाणी सर्वांहून अधिक मोलाची ठरविली. चाकणच्या पेढीवर काचेखाली पुतळ्यांच्या भरगच्च माळा मांडलेल्या होत्या. आम्हांला आठवते ती गुलाबी कागदातील एकच पुतळी.